सावली कुणाच्या मालकीची?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने बोरघाटाकडे निघालेल्या अथवा नेरळहून कर्जतकडे वळलेल्या प्रवाशाच्या नजरेत आधी भरतात ते गृहप्रकल्पांचे भव्य फलक; त्यांच्यामागचा सह्याद्री नंतर दिसतो. 'निसर्गाच्या कुशीत', 'डोंगराच्या पायथ्याशी', 'शुद्ध हवेच्या सान्निध्यात' घर घेण्याचे आवाहन हे फलक करीत असतात. विक्रीला काढलेली वस्तू चार भिंतींची असली, तरी किंमत सांगितली जाते ती झाडांची, डोंगराची आणि नदीची. या व्यवहारात गैर काही नाही. घर घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील पुण्यप्रद संकल्पच असतो. प्रश्न वेगळाच आहे. ज्या हिरवाईच्या भांडवलावर हा व्यवहार चालतो, ती हिरवाई व्यवहार पूर्ण झाल्यावर कुठे शिल्लक राहते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते : कुंपणाच्या आत. आणि ज्या गावाच्या शिवेत ते कुंपण पडते, ते गाव मात्र कुंपणाबाहेर राहते.

कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या डोंगरकुशीतील दोन तालुक्यांपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची जी अधिसूचना २०१३ मध्ये निघाली, तिने या भागातील अनेक गावे नगररचनेच्या कक्षेत आणली. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाच्या उभारणीने चौक आणि कर्जत यांचे मुंबईपासूनचे अंतर नकाशावर नव्हे, पण घड्याळात कमी होत आहे. द्रुतगती मार्ग तर २००२ पासूनच खालापूरच्या शेतांमधून धावतो आहे. म्हणजेच येत्या पंधरा-वीस वर्षांत ही गावे शहरे होणार, हे विधिलिखित आहे. ती कशी शहरे होणार, हे मात्र अद्याप लिहिले गेलेले नाही. ते लिहिण्याचा अवसर आज आहे. दहा वर्षांनंतर तो नसेल.

या दोन तालुक्यांनी मुंबई महानगराला काय दिले, याची नोंद एकदा नीट करायला हवी. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली कोसळून मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह त्याच्या जोडीला आले. वीजनिर्मितीनंतर खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे उल्हास नदीला. आणि त्यावर खालच्या अंगाची औद्योगिक क्षेत्रे व नगरे जगतात. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेले मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते. वीज, पाणी, वाळू, दगड, भाजीपाला आणि आता मोकळी हवाही : महानगराने मागितले ते ते या मुलखाने दिले. त्या बदल्यात या मुलखातील नगरांच्या वाट्याला निदान एक नीटस सार्वजनिक बाग, एक सावलीचा नदीकाठ आणि मुलांना खेळायला एक मैदान यावे, ही मागणी फार मोठी म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. समोर माथेरानचा डोंगर, मागे राजमाची, बाजूला भीमाशंकरचे रान. अशा ठिकाणी बागबगीचे कशाला हवेत? आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु डोंगर समोर दिसणे आणि झाडाखाली बसायला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खोपोलीच्या कारखान्यातून पाळी संपवून परतणारा कामगार संध्याकाळी राजमाची चढत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला हवी असते ती घरापासून पाच मिनिटांवर एक सपाट वाट आणि टेकायला एक कट्टा. पहाटेची लोकल गाठून रात्री परतणाऱ्या कर्जतकराला निसर्ग भेटतो तो डब्याच्या खिडकीतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने यासाठी एक साधे माप सांगितले आहे : प्रत्येक घरापासून तीनशे मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी. तीनशे मीटर म्हणजे पाच मिनिटांची चाल. हे माप डोंगराला लागू होत नाही. ते आळीला, वाडीला, वसाहतीला लागू होते.

वृक्षांचा आणि आरोग्याचा संबंध ही केवळ भावुकतेची बाब राहिलेली नाही. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लहानसा, पण पुढे जगभर चर्चिला गेलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात एकच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जोड्या त्याने नोंदींवरून तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. खिडकीतून दिसणारे झाड जर इतके करीत असेल, तर ज्याच्या सावलीत रोज चालता येते ते झाड किती करील? मधुमेह, रक्तदाब आणि एकाकीपणा हे आजार आता मोठ्या शहरांची मिरासदारी राहिलेले नाहीत. त्यांवरचा सर्वात स्वस्त उपाय चालणे हा आहे आणि चालण्याला जागा लागते, तीही सावलीची, वाहनांपासून सुरक्षित.

आता थोडा हिशेब. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षिली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार खोपोलीची लोकसंख्या एकाहत्तर हजारांच्या आसपास, तर कर्जत नगराची तीस हजारांच्या जवळपास होती. माणशी दहा मीटर धरले, तरी खोपोलीला सुमारे ७१ हेक्टर आणि कर्जतला सुमारे ३० हेक्टर मोकळी जागा हवी. ही पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येची गरज झाली; त्यानंतर आलेल्या आणि येऊ घातलेल्या कुटुंबांची तीत गणना नाही. विकास आराखड्यात यापैकी किती जागा उद्यान व क्रीडांगण म्हणून दाखवली आहे, तीपैकी किती नगरपरिषदेच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे, आणि ताब्यातील किती जागेवर आज सामान्य नागरिक जाऊन बसू शकतो : हे तीन आकडे नगरपरिषदेच्या दारावर फळा लावून लिहिले जावेत. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका होऊन प्रदीर्घ प्रशासक-राजवटीनंतर लोकप्रतिनिधी सभागृहात बसले आहेत. त्यांना विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

सार्वजनिक हिरवाई ही कल्पना विलायतेहून आलेली आहे, असा एक गैरसमज सुशिक्षितांमध्ये रूढ आहे. विलायती आहे ती लोखंडी जाळीच्या आड राखलेली, 'आत जाऊ नये' अशी पाटी मिरवणारी हिरवळ. लोकांसाठी सावली आणि पाणी निर्माण करणे हा या भूमीचा प्राचीन धर्म आहे. त्याचे प्रमाण दूर शोधायला नको. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधवलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर आजही उभे आहे. बोरघाट चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर वाटसरूने, बैलाने, घोड्याने पाणी प्यावे, विसावा घ्यावा, देवाचे दर्शन घ्यावे, ही त्यामागची दृष्टी. अठराव्या शतकातील एका राजकारणी पुरुषाला घाटाच्या पायथ्याशी सार्वजनिक जागेची गरज कळली होती. गावोगावचा वडाचा पार, देवळापुढचे पटांगण, तळ्याकाठची आमराई, गावाने देवाच्या नावाने राखलेली देवराई हे सगळे त्याच परंपरेचे धागे आहेत. वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक यांची पंचवटी म्हणजे धर्माच्या भाषेत सांगितलेली नगररचनाच होय.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जी आज्ञा आहे, ती या संदर्भात मुद्दाम वाचावी अशी आहे. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा तिचा आशय आहे. स्वराज्याचे आरमार उभारताना ज्यांना एका झाडाच्या मालकाची संमती महत्त्वाची वाटली, त्यांचे नाव घेऊन राजकारण करणाऱ्या प्रत्येकाने रस्तारुंदीकरणाच्या कागदावर सही करताना ही आज्ञा आठवावी. याच खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवछत्रपतींनी कारतलबखानाच्या मोठ्या सैन्याला तेथे कोंडीत पकडले, तेव्हा मावळ्यांच्या बरोबरीने लढले ते तेथले घनदाट रान. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे सुपुत्र भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याला आसरा दिला तोही याच डोंगररांगांनी. या मुलखाचे रान हे त्याच्या इतिहासाचे साक्षीदारच नव्हे, तर सहभागीही आहे.

परंतु परंपरेचा नुसता अभिमान मिरवून झाडे वाढत नाहीत. आज मंदिरांच्या जीर्णोद्धारात पहिला बळी जातो तो पाराचा. पटांगणात सिमेंटच्या लाद्या बसतात, त्यावर पत्र्याची शेड चढते आणि शंभर वर्षांच्या पिंपळाच्या बुंध्याला चहूबाजूंनी काँक्रीटचा फास बसतो. मुळांना पाणी मिळत नाही, हवा मिळत नाही. चार-पाच वर्षांत झाड वठते आणि मग ते 'धोकादायक' ठरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. जे लवादाला सांगावे लागले, ते वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळणाऱ्या समाजाला उपजत ठाऊक असायला हवे. पण बाजारातून वडाची फांदी विकत आणून घरात पूजा उरकण्याची रीत शहरात रुजली आहे आणि सणासाठी झाड ओरबाडले जाते, याची खंत कुणाला वाटत नाही. वृक्षारोपणाचे तर विधिवत् समारंभच होतात. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्यासाठी नवे पाहुणे येतात. हा दोष शासनाचा म्हणून सोडून देता येणार नाही. तो समाजाचा आहे आणि त्यात संघटित, संस्कारित म्हणवणारा समाजही आला.

शासनाच्या बाजूने कायदे अपुरे आहेत असेही नाही. नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनासाठी महाराष्ट्राचा कायदा १९७५ पासून अस्तित्वात आहे. प्रत्येक नगरपरिषदेत वृक्ष प्राधिकरण असावे आणि ठरावीक काळाने वृक्षगणना व्हावी, ही त्यातील तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधनही तिने घातले. त्याच धर्तीवर २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि मोटारींना मज्जाव असलेल्या त्या गिरिस्थानाला कायद्याचे कवच लाभले. माथ्याला कवच मिळाले. पायथ्याला मात्र बाजार लागला.

खरी मेख आहे ती आरक्षणांत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार, आराखड्यात आरक्षित केलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो; आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. छोट्या नगरपरिषदांच्या तिजोरीत संपादनाला पैसा नसतो, असलेल्या पैशाची निकड नळ-गटारांना अधिक असते आणि दहा वर्षे कशी निघून जातात ते कळत नाही. मग नकाशावरचा हिरवा चौकोन एके दिवशी निमूटपणे पिवळा होतो. दुसरीकडे, २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात दहा टक्के मोकळी जागा ठेवण्याचा नियम आहे. तो स्वागतार्हच आहे. पण ती जागा त्या वसाहतीच्या रहिवाशांची. दारावर पहारेकरी उभा. शेजारच्या वाडीतले पोर तेथे चेंडू खेळू शकत नाही. अशा शंभर वसाहतींच्या शंभर हिरव्या चौकोनांची बेरीज केली, तरी तिच्यातून गावाची एक बाग होत नाही. एकाच गावात सावलीवाले आणि उन्हातले अशा दोन जाती निर्माण होणे हे समरसतेचा आग्रह धरणाऱ्यांना परवडणारे नाही.

येथे शेतकऱ्याचीही बाजू समजून घ्यायला हवी. आरक्षणाचा शिक्का अनेकदा पडतो तो दोन-चार गुंठेवाल्याच्या भातखाचरावर. बड्या भूखंडधारकाला आपली जमीन आरक्षणातून वाचवण्याच्या वाटा ठाऊक असतात. छोट्या शेतकऱ्याची जमीन मात्र ना विकता येते ना कसता येते, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे अडकून पडते. सार्वजनिक बागेसाठी एका कुटुंबाला उघड्यावर आणणे हा लोकहित नव्हे. म्हणून हिरव्या जागांचा शोध आधी सरकारी जमिनीत, गायरानात, शाळांच्या पटांगणांत, तळ्यांच्या आणि नद्यांच्या काठांवर घेतला जावा. खाजगी जमीन घ्यावीच लागली तर हस्तांतरणीय विकास हक्काचा वा रोख मोबदल्याचा कागद तिच्या मालकाच्या हाती आधी पडावा आणि फलक नंतर लागावा. आज्ञापत्राचा अर्थही हाच आहे.

या दृष्टीने कर्जत आणि खोपोली भाग्यवान आहेत. एकीला उल्हास लाभली आहे, दुसरीला पाताळगंगा. नदीच्या पूररेषेचे दोन टप्पे असतात : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. उद्यान, क्रीडांगण अशा मोकळ्या वापराला नाही. म्हणजे ज्या जागेवर घर बांधणे बेकायदा आणि आत्मघातकी आहे, तीच जागा नगराची बाग होण्यासाठी सर्वात योग्य आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली आणि शेकडो प्रवाशांची नौकांतून सुटका करावी लागली, ते दृश्य सगळ्या देशाने पाहिले. नदी आपली वाट विसरत नाही. तिच्या काठावर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज यांची रुंद पट्टी आणि त्यातून मातीची पाऊलवाट राखली, तर पूर आला तरी नुकसान होते ते चार बाकांचे, चाळीस संसारांचे नव्हे. मात्र नदीकाठ सुशोभीकरण या नावाखाली काठाला सिमेंटच्या भिंती घालण्याचा जो सोस अनेक शहरांत दिसतो, तो येथे कटाक्षाने टाळावा. नदीला नाल्याचे रूप देऊन तिच्या कडेला शोभेच्या कुंड्या मांडणे हे सुशोभीकरण नव्हे.

झाडांकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली. भोवती रान असूनही डोंगर खचला. अतिवृष्टी आणि तीव्र उतार यांच्यापुढे झाड हा एकमेव तरणोपाय नसतो, हे त्या रात्रीने दाखवले. उतारांवर वस्ती कुठे असावी, उतार कुठे खोदू नयेत आणि सपाटीवर मोकळी जागा कुठे राखावी, याचा विचार एकत्रच व्हायला हवा. वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ नवी वसाहत उभी राहिली. घराबरोबर त्यांच्या अंगणाला, देवाला आणि मुलांच्या खेळालाही जागा लागते. त्या वसाहतीत दहा वर्षांनी किती सावली असेल, यावरून पुनर्वसनाची खरी परीक्षा होईल.

कोणती झाडे लावावीत, हाही प्रश्न गौण नाही. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. फेब्रुवारीपासून गवत वाळते आणि वणवे लागतात. येथे पाणी मागणारी विलायती हिरवळ म्हणजे नगरपरिषदेच्या टँकरचे कायमचे कंत्राट. गुलमोहर, पेल्टोफोरम, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही मंडळी लवकर वाढतात म्हणून लाडकी झाली. पण त्यांत पाखरांना खायला काही नाही आणि वादळात टिकण्याची खात्री नाही. ऐन, किंजळ, मोह, बेहडा, शिवण, पांगारा, काटेसावर, ताम्हण, बकुळ, सुरंगी, कदंब ही या मातीची लेकरे आहेत. जपानचे डॉ. अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी दाट लागवड अलीकडे सर्वत्र होते. लहानशा जागेत ती उपयुक्त आहे, पण तिच्यात मुलांना धावता येत नाही. मैदानाला ती पर्याय नाही. शिवाय देशी रोपांची जाण असलेली माणसे येथेच आहेत. पावसाळ्यात कर्जत-नेरळच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर आणि कातकरी भगिनींना कोणते बी कधी पडते आणि कुठे रुजते, हे कोणत्याही ठेकेदारापेक्षा अधिक कळते. त्यांच्या बचतगटांना रोपवाटिका उभारून देऊन नगरपरिषदेने रोपे त्यांच्याकडूनच हमीने घेतली, तर एकाच खर्चात दोन कामे साधतील. वनवासी बांधव विकासाच्या वाटेवर नुसते मजूर म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून उभे राहतील.

हे सारे स्वप्नरंजन नाही, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या वारजे येथे सुमारे १६.८ हेक्टरची ओसाड टेकडी नागरिक, वनविभाग आणि स्थानिक प्रशासन यांनी मिळून हिरवी केली. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने 'नगर वन' योजना जाहीर केली, तेव्हा आदर्श म्हणून नाव घेतले ते वारज्याचे. मुंबईत माहीमच्या खाडीकाठी, धारावीच्या शेजारी, जेथे शहराचा कचरा पडत होता, तेथे सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सिंगापूरसारख्या जागेची प्रचंड टंचाई असलेल्या देशात ली कुआन यू यांनी १९६३ मध्ये वृक्षलागवडीची मोहीम हाती घेतली, ती इमारती उंच होण्याच्या आधी. या तिन्ही ठिकाणी यशाचे मर्म सारखेच आहे. जागा निश्चित होती, ती सार्वजनिकच राहील ही खात्री होती आणि रोप लावल्यानंतरची वर्षे कुणीतरी स्वतःची मानली होती.

हे 'कुणीतरी' होण्याचे दायित्व समाजातील सज्जनशक्तीने उचलायचे आहे. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने जे पंच परिवर्तनाचे आवाहन झाले, त्यात पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य हे दोन्ही विषय आहेत. त्या दोहोंचा मिलाफ या कामात आहे. ज्यांची प्रत्येक संध्याकाळ मैदानावर घडते, त्या स्वयंसेवकांना मैदानाचे मोल सांगायला नको. मैदान गेले की खेळ जातो, खेळ गेला की मुले पांगतात आणि मुले पांगली की पुढची पिढी एकमेकांना ओळखेनाशी होते. म्हणून प्रत्येक नगरातील कार्यकर्त्यांनी आराखड्याचा नकाशा मिळवावा, त्यावरचे हिरवे चौकोन प्रत्यक्ष जाऊन पाहावेत आणि प्रत्येक आरक्षणाची दहा वर्षे कधी भरतात याची तारीख काढून ठेवावी. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती सूचना वाचून मुदतीत लेखी म्हणणे द्यावे. मोर्च्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, पण जमीन वाचते ती अशाच कंटाळवाण्या कामाने.

मंदिर विश्वस्तांनी जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात पाराची, विहिरीची आणि मोकळ्या मातीची तरतूद करावी. गणेशोत्सव मंडळांनी एका वर्षाच्या रोषणाईचा काही भाग एका जागेच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी बाजूला काढावा. कारण या भागात रोप मरते ते मार्च ते मे या तीन महिन्यांत, आणि तिसरा उन्हाळा पार केलेले झाड सहसा पुढे आपले आपण जगते. नव्या वसाहतींत राहायला आलेल्या कुटुंबांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या गावाची हवा त्यांना येथे घेऊन आली, त्या गावाचे ते आता पाहुणे नाहीत, घरचे आहेत. वसाहतीच्या बागेची वर्गणी ते नियमाने भरतात. गावच्या तळ्याकाठी महिन्यातून एक रविवार दिला, तर जुने-नवे यांच्यातली भिंतही थोडी खचेल. शाळांनी वृक्षगणना हाती घ्यावी. आपल्या आळीतल्या प्रत्येक झाडाचे नाव, घेर आणि अंदाजे वय ज्या मुलाने वहीत लिहिले आहे, त्याच्या देखत ते झाड रात्रीतून नाहीसे करणे सोपे नसते.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली, तेव्हा व्यष्टी आणि समष्टीबरोबर सृष्टीचाही विचार विकासात असला पाहिजे, हा आग्रह धरला. त्या विचाराची कसोटी व्याख्यानमालेत लागत नाही. ती लागते सात-बाराच्या उताऱ्यावर आणि नगरपरिषदेच्या ठरावात. मोठ्या शहरांनी आपली मैदाने आधी विकली आणि मग कोट्यवधी रुपये मोजूनही ती परत मिळाली नाहीत. कर्जत-खालापूरच्या जमिनीवर अजून भात उभे राहते, तळ्यांत अजून पाणी आहे आणि नदीचा काठ अद्याप पुरता भिंतींनी आवळलेला नाही. विकास आराखड्याची पुढची फेरी येईल तेव्हा सभागृहात आणि सभागृहाबाहेर किती माणसे सावलीच्या बाजूने बोलायला उभी राहतात, यावर या दोन तालुक्यांतील पुढच्या पिढ्यांचे आरोग्य ठरणार आहे. वड लावणारा स्वतःसाठी लावत नाही. परंतु वडासाठी जागा राखून ठेवणारा त्याच्याही आधीचा असतो, आणि आज गरज त्याची आहे.